‘सोसायटीत युरिया आला आहे’ : एका गावफळ्याचं प्रकरण

आमचं गाव कोकण किनाऱ्यावर केळशी ते हर्णै या पट्ट्यात आहे. नाव देत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती.

एसटी थांब्याच्या मागे वाचनालय आहे आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर सिमेंटचा काळा फळा. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून वर पत्रा ठोकलाय. या फळ्यावर रोज सकाळी काहीबाही लिहिलं जातं. नळाला पाणी कधी, तलाठी कुठल्या वारी बसणार, कुणाचं बारावं, कुणाची मुलगी दहावीला केंद्रात पहिली आली. देशात किंवा जगात मोठं काही घडलं तर तेही. १९८८ साली गुरुजींनी हा फळा सुरू केला. पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी बाराव्याची तारीख चुकीची पडली, त्यावरून भांडण झालं, आणि तेव्हापासून शिस्त लागली: फळ्यावर जे लिहायचं ते आधी वहीत उतरवायचं, तारखेसह. त्या वह्या वाचनालयाच्या कपाटात अजून आहेत. काही वाळवीनं खाल्ल्या, बऱ्याच शाबूत आहेत.

२००७ पासून फळा मी लिहितो. तेव्हा हायस्कुलात इतिहास शिकवत होतो, अक्षर बरं होतं, वाचनालयाचा कार्यवाह झालो आणि खडू हातात आला.

पाडवा ते सोमवार

२०१५ ची दिवाळी. ११ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, १२ ला पाडवा, १३ ला भाऊबीज. गाव चाकरमान्यांनी भरलेलं. पाडव्याच्या संध्याकाळी लेबनॉनमधल्या बैरुतच्या बुर्ज अल-बराजनेह या दाट वस्तीच्या उपनगरात दोन आत्मघाती स्फोट झाले आणि चाळीसहून जास्त माणसं मेली. भाऊबीजेच्या रात्री पॅरिसमध्ये स्टेडियमबाहेर, कॅफेंच्या दारात आणि बाताक्लां या सभागृहात हल्ले झाले. तिथं १३० गेले. आपल्याकडे तेव्हा १४ तारखेची पहाट झाली होती.

गावात तेव्हा मोबाइलची रेंज नीट मिळायची ती सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर. मुंबईची पोरं सकाळीच तिकडं चढून गेली होती. फेसबुकनं प्रोफाइलच्या फोटोवर फ्रान्सचा झेंडा चढवायची सोय दिली होती. सड्यावरून खाली येईपर्यंत निम्म्या पोरांचे चेहरे निळे, पांढरे, तांबडे झाले होते. साडेसातला मी फळ्याशी गेलो तर फळा भरलेला. शाळेच्या डब्यातले रंगीत खडू आणून पोरांनी आयफेल टॉवर काढला होता, खरोखर छान काढला होता, आणि खाली इंग्रजीत पॅरिससाठी प्रार्थना. मी कोपऱ्यात तारीख घातली आणि वहीत लिहून ठेवलं, ‘पॅरिसच्या बळींना श्रद्धांजली’. मनात आलं, बरं झालं, आज आपल्याला कष्ट नाहीत.

दुपारी जेवून आलो तर टॉवरच्या पायाशी पांढऱ्या खडूनं दोन शब्द होते: ‘आणि बैरुत?’

ते कुणीतरी पुसलं. परत कुणीतरी लिहिलं. तिसऱ्यांदा पुसताना टॉवरचा एक पाय गेला. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, पॅरिससाठी कुणी रडलं तर तुमच्या पोटात का दुखतं. दुसरा म्हणे, गोरा मेला तरच तुमचा फळा रंगतो. हा बैरुतवाला मोहल्ल्यातलाच कुणीतरी असणार, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. निघाला वरच्या आळीतला, पुण्यात इंजिनिअरिंग करणारा पोरगा. रात्री त्याला घरी बोलावून विचारलं, बैरुतबद्दल तुला काय माहीत आहे? फार काही नव्हतं माहीत. म्हणाला, "सर, खरं सांगू का, मला त्या पोरांचा राग आला होता." एवढंच होतं ते.

सोमवारी मोहल्ल्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी मुलासाठी गोष्टीचं पुस्तक बदलायला आली. नवरा कुवेतला. पुस्तक चाळता चाळता, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "सर, जूनमध्ये कुवेतच्या मशिदीत झालं ना, तेव्हा फळ्यावर काय लिहिलं होतंत हो?"

मला आठवेना. ती बाहेर थांबली आणि मी वही काढली.

शनिवार, २७ जून २०१५. माझ्याच अक्षरात: ‘सोसायटीत युरिया आला आहे. सातबारा घेऊन यावे.’

जूनमधला तो शुक्रवार

२६ जून २०१५. रमजानचा महिना, जुम्म्याची दुपारची नमाज. कुवेत शहरातल्या इमाम सादिक मशिदीत एकानं स्वतःला उडवलं आणि २७ जण मेले. त्याच दिवशी ट्युनिशियात सूसच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात ३८ जणांना गोळ्या घातल्या, बहुतेक ब्रिटिश पर्यटक. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन्ही बातम्या होत्या. मी वाचल्या होत्या. पेपराची घडी घालून मी युरियाबद्दल लिहिलं, कारण शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचा शिपाई सकाळीच येऊन सांगून गेला होता.

आमच्या मोहल्ल्यात अशी घरं शोधावी लागतील ज्यातलं कुणी आखातात नाही. पूर्वी मुंबईची गोदी, आगबोटी, मग कुवेत, दुबई, कतार. त्या शुक्रवारी दुपारनंतर तिथं काय झालं ते मला पाच महिन्यांनी कळलं, आणि माझं घर तिथून दोनशे पावलांवर आहे. मशिदीत स्फोट झाला एवढंच आधी कळलं. कुठल्या मशिदीत, ते संध्याकाळपर्यंत कुणाला धड सांगता येईना. बायका फोन घेऊन पावसात सड्यावर गेल्या, डोक्यावर इरली आणि प्लास्टिकचे कागद. इमो ॲपवर फोन लागायचा आणि तुटायचा. "त्या दिवशी कुणी धड रोजा सोडला नाही," ती विद्यार्थिनी म्हणाली. रात्री एकेकाचा आवाज आला. आमच्या गावातलं कुणी त्या मशिदीत नव्हतं. मशीद शियांची, आमचे कोकणी मुसलमान सुन्नी, शाफी पंथाचे. पण फोन लागेपर्यंत हा हिशेब कुणाला सुचला नव्हता.

तिची तक्रार नव्हती, हे मुद्दाम सांगतो. तक्रार असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

वही उघडल्यावर

त्या आठवड्यात मी सगळ्या वह्या घरी नेल्या. मोजदाद करायचा विचार होता, पण मोजून हाती काही लागेना. शब्द वाचताना लागलं.

१९९३ चं पान आहे. १२ मार्चचा शुक्रवार, मुंबईत एकामागून एक स्फोट, २५७ मृत्यू. गुरुजींनी तीन दिवस फळा त्यालाच दिला होता: ‘ज्यांची माणसे मुंबईत आहेत त्यांनी पोस्टात येऊन चौकशी करावी. सर्व मृतांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ गावातलं दर दुसरं घर मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायचं, त्यात नवल नाही. पुढे त्या स्फोटांचं आरडीएक्स फेब्रुवारीत आमच्याच उत्तरेला, बाणकोट खाडीपलीकडं श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरल्याचं उघड झालं. त्यानंतरच्या पानांवर मृत माणसं नाहीत, ‘अनोळखी होड्या दिसल्यास कळवावे’ आहे.

१२ जुलै २००६. आदल्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मोठ्या अक्षरात, आणि खाली चौकशीचे फोन नंबर.

त्याच वहीत चार पानं उलटली की ९ सप्टेंबर २००६. आदल्या दिवशी मालेगावात बडा कब्रस्तानाशी स्फोट झाले होते आणि तीसहून अधिक माणसं गेली होती. शुक्रवार होता आणि शब-ए-बारात होती, लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींशी आले होते. पंचांग पाहिलं तर त्याच दिवशी पितृपक्षाची प्रतिपदा. राज्यातली दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी आपापल्या मेलेल्यांची आठवण काढत होती. फळ्यावर होतं: ‘मालेगावात स्फोट. गावात सर्वांनी शांतता राखावी.’

हे पान मी बराच वेळ पुढ्यात ठेवून बसलो. मालेगाव आपल्याच राज्यात. दोन महिन्यांपूर्वी, त्याच हातानं, त्याच वहीत श्रद्धांजली लिहिली होती. इथं श्रद्धांजली नव्हती, सूचना होती. मुंबईच्या लोकलमध्ये मेलेली माणसं आपली होती म्हणून त्यांचं दुःख. मालेगावची मेली तर आता पुढे काय होईल ही धास्ती. जो मेला तोच जणू पुढच्या गडबडीचं कारण.

गुरुजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, ऐकू कमी यायचं. वही त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा चढवून पान वाचलं, परत वाचलं. "भीती वाटली रे मला," म्हणाले. "इथं काही पेटेल म्हणून. मेले त्यांचं नंतर लिहू म्हटलं." आणि मग वेळ गेली. माणूस असा होता की मोहल्ल्यातल्या पोरांना फुकट शिकवण्या दिल्या, ईदेला शिरखुर्मा आधी त्यांच्या घरी जायचा. म्हणून ‘द्वेष’ हा शब्द मी या प्रकरणात वापरत नाही. तो वापरला की पुढचं काही बघावं लागत नाही.

उलटं पानही आहे. १७ डिसेंबर २०१४. आदल्या दिवशी पेशावरच्या शाळेत सव्वाशेहून जास्त मुलांना मारलं होतं. पंतप्रधानांनी देशभरच्या शाळांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आवाहन केलं होतं. आमच्या पटांगणावर पाचवीपासूनची मुलं उभी राहिली, आणि फळ्यावर मी लिहिलं: ‘पेशावरच्या बालकांना श्रद्धांजली’. पाकिस्तानातल्या मुलांसाठी. कुणी हरकत घेतली नाही, उलट दोन आयाबाया फळ्यासमोर डोळे पुसत होत्या. म्हणजे सरहद्द आड येतेच असं नाही. मुलं होती, शाळा होती, दप्तरं होती, आणि वरून कुणीतरी सांगितलं होतं. ‘परदुःख शीतल’ म्हणतात ते खरं, पण पर कोण हे नकाशावरून ठरत नाही.

आणि २००८, मुंबईवरचा हल्ला. इथं माझीच पानं आहेत. २७ नोव्हेंबरपासून चार दिवस फळ्यावर दुसरं काही नाही. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे. नावं मी रंगीत खडूनं लिहिली होती. टीव्हीवर तीन दिवस ताज दिसत होता, म्हणून फळ्यावरही ताज. सीएसटीवर ५८ जण गेले होते, एका ठिकाणी सगळ्यात जास्त तिथंच, आणि कोकणकन्या एक्स्प्रेस रात्री तिथूनच सुटते. सीएसटीचा उल्लेख मी केलेला नाही. मला तेव्हा सुचलंही नाही.

हे सगळं मी कार्यकारिणीसमोर वाचून दाखवत होतो तेव्हा दाराशी कोळीवाड्यातले एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, बसले होते. ते सभासदही नव्हते, पंख्याखाली बसायला यायचे. ते मध्येच बोलले, "कुबेरवरल्या पाच जनांचं लिवलंत का कदी?"

खोलीत कुणाला लगेच कळलं नाही. मग कळलं. अतिरेकी कराचीहून समुद्रातून आले ते पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पकडून. तिच्यावर पाच माणसं होती. चौघांना आधी मारलं, त्यांचे देह मिळालेच नाहीत. तांडेलाकडून बोट मुंबईजवळ आणवली आणि त्याला बोटीवरच संपवलं. हल्ल्याचे पहिले बळी हे पाच खलाशी. आमचं गाव निम्मं मासेमारीवर जगतं. हल्ल्यानंतर आमच्या कोळीवाड्याला काय काय मिळालं? बायोमेट्रिक ओळखपत्रं, बोटींना ठरवून दिलेले रंग, सागरी पोलिसांची तपासणी, ‘सागर कवच’च्या कवायती. प्रत्येक सूचना मी फळ्यावर लिहिली आहे, वहीत आहे. त्या पाच माणसांबद्दल सात वर्षांत एक ओळ नाही. तांडेल म्हणाले, देह नाही मिळाला की काय होतं ते दर्यावरच्या घरांना विचारा. दाखला मिळत नाही, बायको विधवा आहे की नाही ते ठरत नाही.

असं का होतं, याबद्दल थोडं

या विषयावर विद्वानांनी बरंच लिहून ठेवलंय. नॉर्वेच्या योहान गाल्टुंग आणि मारी रूगे यांनी १९६५ साली काँगो, क्यूबा आणि सायप्रसच्या पेचप्रसंगांच्या बातम्या त्यांच्या देशातल्या पेपरांत कशा आल्या ते तपासलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्यापासून संस्कृतीनं लांब आणि जगात कमी वजनाच्या देशातली गोष्ट बातमी व्हायला ती तितकीच मोठी आणि भीषण असावी लागते. हे आमच्या फळ्याला तंतोतंत लागू होतं, कारण फळा पेपरातून येतो, पेपर वृत्तसंस्थांकडून, आणि वृत्तसंस्थांचे कॅमेरे पॅरिसमध्ये आधीपासून उभे असतात. मी खडू उचलायच्या आधीच निवड झालेली असते. फेसबुकचंही तेच. ‘मी सुरक्षित आहे’ असं कळवायची त्यांची सोय तोवर भूकंप-वादळांसाठी होती. पॅरिसला ती पहिल्यांदा हल्ल्यासाठी चालू केली, आदल्या दिवशी बैरुतला नाही. लोकांनी विचारल्यावर झुकरबर्गनी सांगितलं की आजवर धोरण नैसर्गिक आपत्तींपुरतंच होतं, ते आम्ही नुकतंच बदललं. असेल. आमचंही धोरण असंच होतं, फक्त ते कुणी विचारलं नव्हतं.

ॲडम स्मिथ या स्कॉटिश विचारवंतानं अठराव्या शतकातच लिहिलंय, की चीन भूकंपात गडप झाला असं ऐकून युरोपातला सज्जन हळहळेल आणि रात्री घोरत झोपेल, पण उद्या आपली करंगळी कापणार म्हटलं तर त्याला झोप येणार नाही. एवढं सगळे सांगतात. पुढचं कमी जण सांगतात. स्मिथ लगेच विचारतो, मग ती करंगळी वाचवण्यासाठी तो चीनमधली माणसं मरू देईल का? नाही देणार. म्हणजे वाटणं एक आणि वागणं एक. मला या दुसऱ्या अर्ध्या भागात जास्त रस आहे. मला बैरुतसाठी रडू येत नाही, याला माझा इलाज नाही. फळ्यावर काय लिहायचं, याला आहे.

बैरुतचं एक सांगायचं राहिलं. पहिला स्फोट झाल्यावर दुसरा माणूस गर्दीकडे निघाला होता. तिथल्या तिशीतल्या एका बापानं त्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला पाडलं. स्फोटात दोघं गेले, गर्दी वाचली. ही गोष्ट मी त्या आयफेल टॉवरवाल्या पोरांना सांगितली तेव्हा एकजण पटकन म्हणाला, "म्हणजे ओंबळेंसारखं." गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी पकडून ठेवणारे तुकाराम ओंबळे त्या पोराला तिसरीपासून पाठ होते. टॉवर काढणारा पोरगा काही बोलला नाही. जाताना विचारून गेला, "सर, हे कुठं छापून आलं होतं?"

काय करून पाहिलं

कार्यकारिणीत एक मत पडलं की बाहेरचं काही नकोच. पाणी, तलाठी, बाराव्याच्या तारखा, एवढंच. हे सोपं होतं आणि मला ते मोहात पाडत होतं.

दुसरं मत माझं. सगळं लिहायचं. जगात कुठंही हल्ला झाला की फळ्यावर. १७ नोव्हेंबरला नायजेरियात योलाच्या बाजारात स्फोट, तीसहून अधिक मृत. १८ ला तिथंच कानोमध्ये मोबाइलच्या बाजारात. २० ला मालीच्या बामाको शहरात हॉटेलवर हल्ला. २४ ला ट्युनिसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकांची बस उडवली, १२ मेले. मी इमानानं लिहीत गेलो. पहिल्या दिवशी लोक थांबून वाचायचे, विचारायचे, "सर, योला खंडाळ्यासारखं आहे का हो, घाटात?" थट्टा नव्हती, खरंच विचारलं होतं. आठवडाभरात कुणी थांबेना. एक दिवस एसटी वाहकानं खिडकीतून ओरडून विचारलं, "मास्तर, आमचं टायमिंग कुठं गेलं?" पाण्याच्या सूचनेला जागा उरली नव्हती. आणि मला स्वतःला जाणवलं की बामाको लिहिताना मी आकडा लिहितोय आणि मनात भाजीचा विचार आहे. दहा-बारा दिवसांत मी तो नाद सोडला.

मग जे ठरलं ते फार हुशारीचं नव्हतं. फळ्याचा उजवा एक हात रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा. ज्याला कुणासाठी काही लिहावंसं वाटतं त्यानं यावं आणि स्वतःच्या हातानं लिहावं. कोण गेलं, काय करत होती ती माणसं, एवढं तरी. दुसऱ्याचं पुसायचं नाही. आणि ‘शांतता राखावी’ एकटं लिहायचं नाही. आधी मेलेल्यांचं, मग सूचना. हे शेवटचं कलम गुरुजींनी सुचवलं.

पुढे काय झालं

चांगलं झालं ते आधी. २६ नोव्हेंबर २०१६ ला म्हातारे तांडेल नातवाला घेऊन आले. त्यांना लिहिता येत नव्हतं. नातवानं लिहिलं: ‘कुबेर बोटीवरचे पाच खलाशी. मासे मारायला गेले होते.’ खाली तांडेलांनी खडूनं एक होडी काढली, तीन रेघांची. ही होडी आता दर वर्षी येते. ते वारल्यापासून नातू काढतो.

जुलै २०१६ मध्ये दोन आठवड्यांत ढाका, बगदाद आणि फ्रान्समधलं नीस असे तीन मोठे हल्ले झाले. पूर्वीचा मी असतो तर ढाका आणि नीस फळ्यावर आले असते, बगदाद आतल्या पानावरच राहिलं असतं. बगदादच्या कराडा भागात ईदच्या खरेदीला आलेल्या गर्दीत तीनशेहून जास्त माणसं गेली होती. ते माझ्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांनी लिहिलं, उर्दू वळणाच्या मराठीत. लिहून झाल्यावर मला म्हणाले, "मास्तर, आमचं पन काय बरोबर नाय. पाकिस्तानात क्वेट्ट्याला हजारा जमातीच्या शियांना मारतात तेव्हा मोहल्ल्यात कोन बोलतंय? कुवेतला आमची पोरं होती म्हनून आम्ही रडलो."

मार्च २०२४ ला एका खलाशाच्या आईनं लिहिलं. तिचा मुलगा मालवाहू जहाजावर असतो. ६ मार्चला एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर येमेनच्या हूती बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं. दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी खलाशी गेले, बाकीच्यांना आपल्या नौदलाच्या ‘कोलकाता’नं वाचवलं. याला दहशतवाद म्हणायचं की युद्ध, यावर टपरीवर वाद झाला. तिनं वाद ऐकला आणि लिहिलं: ‘तीन पोरं. फिलिपिन्स २, व्हिएतनाम १. आयांना माहीत असेल.’ वर महाशिवरात्रीच्या पालखीची वेळ होती.

पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ ला २६ जण मारले गेले, सहा महाराष्ट्रातले, त्यातले तीन डोंबिवलीचे. फळा भरून गेला, पट्टा पुरला नाही, भिंतीवर लिहिलं. कुणीतरी मध्यभागी ‘२६ पर्यटकांना श्रद्धांजली’ लिहिलं होतं. संध्याकाळी दहावीतली एक मुलगी खडू मागायला आली. ‘पर्यटकांना’ या शब्दाचं काय करावं तिला कळेना, कारण पुसायचं नाही हा नियम. एकजण तिथला घोडेवाला होता. तिनं शेवटी आकड्यावर बाण काढून बाजूला लिहिलं: ‘२५ पर्यटक आणि १ घोडेवाला’. मला वाटलं आता भांडण होणार. झालं नाही. एका म्हाताऱ्यानं तेवढंच विचारलं, "घोडं कुनी सांभाळलं मग?"

आता जे जमलं नाही ते. १६ ऑक्टोबर २०१७ चं पान. दोन दिवसांपूर्वी सोमालियात मोगादिशूच्या चौकात ट्रक उडवला होता, मृतांचा आकडा पुढे पाचशेच्या वर गेला. आफ्रिकेतला तो एक अतिशय भीषण हल्ला. पानावर आहे: ‘आज वसुबारस. उद्या पाणी येणार नाही.’ उजवा पट्टा कोरा. कुणी आलं नाही, कारण कुणाचं कुणी तिथं नव्हतं. आमच्या वह्यांत सोमालिया हा शब्द येतो तो समुद्री चाच्यांच्या बातम्यांतच. श्रीलंकेत २०१९ च्या ईस्टरला चर्चमध्ये आणि हॉटेलांत अडीचशेहून अधिक माणसं गेली तेव्हाही दोन दिवसांवर मतदान होतं आणि पट्ट्यावर कुणीतरी मतदान केंद्राचा बाण काढून ठेवला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये आफ्रिकेत बुर्किना फासोतल्या बारसालोघोला खंदक खणणाऱ्या गावकऱ्यांवर हल्ला होऊन शेकडो मेले. कोरा पट्टा.

म्हणजे नियमानं पेपरचा पक्षपात काढला आणि गावाच्या नात्यागोत्याचा आणला. कुवेत आलं, बगदाद आलं, कुबेर आलं. ज्यांच्यासाठी आमच्या गावात फोन घेऊन सड्यावर जाणारं कुणीच नाही, ते तेव्हाही बाहेर होते आणि आताही आहेत. त्यांच्यासाठी मी लिहावं का? मोगादिशूच्या दिवशी खडू हातात घेऊन उभा राहिलो होतो, आणि मला ते बामाकोचे दिवस आठवले. नाही लिहिलं. ते बरोबर केलं असं मला वाटत नाही, पण लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं तेही ठाऊक नाही.

माझ्या विद्यार्थिनीचा नवरा २०२० मध्ये कोविडच्या धामधुमीत कायमचा परत आला. थांब्याजवळ हार्डवेअरचं दुकान टाकलं आहे. मागच्या पावसाळ्यात फळ्याच्या पत्र्यासाठी खिळे घ्यायला गेलो तेव्हा त्यानं विषय काढला, वाचनालयात आला आणि म्हणाला, ती वही बघू. मी २७ जून २०१५ चं पान उघडून दिलं आणि खिडकीकडे बघत उभा राहिलो.

त्यानं वाचलं आणि हसला. "बरोबर आहे, सर," म्हणाला. "शुक्रवारी रात्री नुसता आवाज ऐकून फोन तुटला. धड लागला तो शनिवारी रात्री. पहिल्यांदा दोघंही रडलो. मग ही म्हणाली, सोसायटीत युरिया आलाय, फळ्यावर लिहिलंय, सातबारा कुठल्या ट्रंकेत ठेवलास? मी तिथून सांगितलं, लोखंडी कॉटखालच्या. रविवारी जाऊन आणला तिनं, दोन गोणी. भाताचा तरवा पिवळा पडत होता."